मचूळ पाण्यातली पाणबुडी

आईनं मला एक वर्ष गप्प राहायला सांगितलं होतं. थट्टा नव्हे. एका जूनपासून पुढच्या जूनपर्यंत कुणी विचारल्याशिवाय आपलं मत सांगायचं नाही, पुरुषमाणसाचं चुकलं तरी चुकलं म्हणायचं नाही, आणि परक्यांसमोर तर तोंड उघडायचंच नाही. हे जमलं तर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण व्हायला तिची परवानगी. नाही जमलं तर जन्मभर सोलापुरात, भावाच्या घरी, चुलीपुढं.

मला ते कॉलेज हवं होतं. इतकं हवं होतं की अर्जाचा कोरा कागद मी गादीखाली ठेवून झोपायची, आणि चुरगळेल म्हणून रात्रभर कूस बदलायची नाही. आई म्हणायची, पाठ आखडली म्हणून काय सांगतेस, नीट झोपत जा.

मुळात हे सगळं माझ्या जिभेपायी झालं होतं. पंधराव्या वर्षी मला दुधनीला दिलं. मराठी सातवी पास झालेली सून म्हणून मोठ्या कौतुकानं नेलं. व्यापारी घर, पाहुण्यांची सदा वर्दळ. एकदा पंगतीत सासरे पाहुण्यांना सांगत होते की सूर्यग्रहण पौर्णिमेला लागतं. मी वरण वाढत होते. म्हटलं, "पौर्णिमेला नव्हे, अमावास्येला." पाहुणे हसले. आतून सासूबाई ओरडल्या, "साकु!" त्यांची घरची बोली कानडी. साकु म्हणजे पुरे. मला पुरे कुठं करायचं ते कळत नव्हतं, ना कानडीत ना मराठीत. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा माझी ट्रंक भरली गेली आणि आठ दिवस माहेरी राहून ये म्हणून गाडीत बसवलं. त्या आठ दिवसांचं वर्ष झालं. न्यायला कुणी आलं नाही, मूळ-बोलावणं नाही, साधं पत्र नाही.

आज त्या माणसांवर माझा काडीचाही राग नाही. उलट त्यांचे उपकारच मानते. ते न्यायला आले असते तर मी गेले असते, आणि मग पुढचं हे काहीच झालं नसतं.

वडील आधीच गेले होते. घरात आई, मी आणि थोरला भाऊ. दादा हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. कॉलेजचा अर्ज त्यानंच आणला. आई सांगोल्याकडच्या दुष्काळी मुलखातली, मोजकं बोलणारी. अख्खी गल्ली तिला गुणाची बाई म्हणायची. अर्ज हातात घेऊन ती म्हणाली, "पुण्याला म्हणजे परक्यांच्यात राहायचं. तिथं कुणाला उलटून बोललीस आणि त्यांनीही ट्रंक भरून पाठवलं, तर मग कुठं जाशील? आधी वर्षभर तोंड मिटून दाखव."

दादा म्हणाला, "अगं, तिला मास्तरीण करायचंय, मुकी नव्हे."

"मास्तरीण व्हायच्या आधी माणसांत राहता यायला हवं," आई म्हणाली. विषय संपला.

ते वर्ष कसं काढलं ते माझं मला माहीत. शेजारचे काका आमच्या ओसरीवर बसून सांगायचे की विमानाच्या पोटात गरम हवा भरतात म्हणून ते वर जातं. मी पदराचं टोक दातांत धरून आत पळायची आणि चुलीला सांगायची, "अगं, ते विमान नव्हे, तो फुगा!" चूल बिचारी ऐकून घ्यायची. कधी तांदूळ निवडता निवडता तांदळाला सांगायची. आई दारातून बघायची आणि काही म्हणायची नाही. दहा महिने असे गेले. एकदाही चुकले नाही. लोक म्हणायला लागले, पोरगी सुधारली हो.

गुढीपाडवा झाला आणि सोलापुरात एक सिनेमा कंपनी उतरली. बोलपट यायला अजून दोनेक वर्षं होती. सिनेमा तेव्हा माझ्यासारखाच होता, हातवारे सगळे, आवाज नाही. सात रस्ता चौकाजवळ एका धनिकाचा बंगला होता. कंपनीचा मालक त्यांचा स्नेही, म्हणून बागेतच त्यांनी तळ दिला होता. त्यांच्या गोष्टीत एका दुष्टाकडे पाणबुडी होती. ती पाण्यात उतरते, खाली दबा धरून बसते आणि मग वर येते, एवढं त्यांना दाखवायचं होतं. खरी पाणबुडी आणणार कुठून? आमच्याकडं समुद्र नाही, आणि चैत्रात तर नदीलाही पाणी नाही. म्हणून सागवानी चौकटीत जाड काच बसवून त्यांनी एक मोठी टाकी बनवली होती आणि एका पत्रेवाल्याकडून खेळण्यातली बोट करून घेतली होती.

मालक दादाकडं आला तो वैतागूनच. ओसरीवर बसून म्हणाला, "मास्तर, बोट सोडली की दगडासारखी जाते तळाला. टण्णकन आपटते. लोक हसतील हो! तिच्या पोटात चाळीस खलाशी बसलेत असं वाटायला पाहिजे."

दादा एकदम उठून उभाच राहिला. त्याला असं काही विचारलं की त्याचे कान लाल व्हायचे. "म्हणजे ती उतरली पाहिजे, पडता कामा नये," तो म्हणाला. "देतो मी करून. आठ दिवस द्या."

मी दाराआड उभी होते. मला एकामागून एक प्रश्न सुचत होते. पण तोंडात मूग.

पुढचे आठ दिवस आमच्या परसात दुसरं काही चाललंच नाही. दादानं दीड हात लांबीची, मधे फुगीर अशी पत्र्याची पाणबुडी करून घेतली. वजन आठेक शेर. तिच्या पोटात त्यानं एक छोटी डबी बसवली. डबीला खालून भोक, वरून रबरी नळी. नळी मोकळी सोडली की खालून पाणी शिरतं आणि बोट जड होते. नळीतून फुंकलं की पाणी बाहेर जातं आणि बोट हलकी होऊन वर येते. खऱ्या पाणबुडीतही हेच असतं म्हणे, फक्त डब्या घराएवढ्या. बुडबुड्यांसाठी वेगळी बारीक नळी होती, तिच्या तोंडावर मलमलीच्या चार घड्या बांधल्या होत्या. बोट लहान केली म्हणून बुडबुडे काही आपोआप लहान होत नाहीत, आणि बोटीएवढाले बुडबुडे दिसले की प्रेक्षक म्हणणार, हे तर आमच्या घंगाळातलं खेळणं. अजूनही मी सिनेमात पाणबुडी पाहते तेव्हा आधी बुडबुडे बघते. निम्म्या ठिकाणी लबाडी उघडी पडते. शेजारी बसलेल्यांना सांगते, ते मला गप्प करतात. असो.

दादा काम करता करता मला शिकवायचा. विचारायचा तोच, म्हणून उत्तर द्यायला मला मुभा होती. "बोटीनं जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याचं वजन किती?"

"आठ शेर, एक-दोन तोळे इकडंतिकडं."

"आणि पाणी तिला वर किती जोरानं लोटतं?"

"तेवढ्याच. आठ शेरांच्याच."

"मग तिला हळूच उतरवायची तर?"

"पाण्यापेक्षा अगदी नखभर जड करायची. जास्त केली की पडेल."

दादा हसायचा. त्या नखभराच्या मागं त्यानं सहा दिवस घालवले. पोटात आधी शिशाचे छर्रे टाकले, मग वाळू, आणि शेवटी सोनारासारख्या गुंजा मोजून टाकत बसला. डबीत पाणी भरलं की दोन तोळ्यांनी जड, रिकामी केली की तीन तोळ्यांनी हलकी. यापलीकडं काही नाही. शेवटी बोट आमच्या दगडी डोणीत अशी काही उतरली की मी श्वास धरून बघत राहिले. अगदी सावकाश. जणू तिला खाली जायचं होतं म्हणून ती गेली. मग दादानं वजन टाकायची तिची झाकणं पत्रेवाल्याकडून कथलाचा डाख देऊन कायमची बंद करून टाकली.

आता पाण्याचं सांगायला हवं. आमच्या गल्लीत नळ आला नव्हता. घरात पाणी दोन प्रकारचं. एक गोडं, लांबच्या विहिरीचं, पिण्याला आणि डाळीला. दुसरं मचूळ, परसातल्या आडाचं, बाकी सगळ्याला. मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहा वाया जातो. हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आणि एकाही पुरुषाला नाही, कारण त्यांच्या हातात येतो तो भरलेला तांब्या. चैत्रात आडाचं पाणी तळाला जाऊन गढूळ झालं होतं. दादाला डोणीत हवं होतं आरशासारखं स्वच्छ. मग काय, गोड्या विहिरीच्या बावीस घागरी! आणल्या कुणी? मी. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "प्यायच्या पाण्यात पत्र्याची बोट बुडवतोय हा." पुढं चार दिवस आम्ही त्या गोड्या पाण्यानं आंघोळी केल्या. एवढी चैन आयुष्यात पुन्हा झाली नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी बंगल्यातल्या बाईंनी आईला आणि मला बघायला बोलावलं. बायका व्हरांड्यात, पुरुष बागेत. उन्ह नुसतं भाजत होतं, पण कंपनीला तेच हवं होतं, कारण पांढरे पडदे आणि आरसे लावून सगळा उजेड त्या काचेच्या टाकीवर पाडायचा होता. चार वाजेपर्यंत उजेड कामाचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कंपनी जाणार. कॅमेरावाला हातानं दांडा फिरवून बघत होता. दादानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की दांडा भराभर फिरवा. तसं केलं की पडद्यावर सगळं सावकाश दिसतं, आणि मग लहान वस्तूची लगबग लपते.

टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. पाणी निवळून स्वच्छ दिसत होतं. दादानं पाणबुडी सोडली, नळी मोकळी केली. पोटातली डबी भरली. पाणबुडी थोडी खाली गेली आणि थांबली. पाठ पाण्याबाहेर. डोहात बसलेल्या म्हशीची असते तशी.

दादानं नळी हलवली. फुंकलं, सोडलं, पुन्हा फुंकलं. पाठ बाहेरच. बोटानं दाबली की खाली जायची आणि हात काढला की हळूच वर. कॅमेरावाला दांड्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, ही पाणबुडी म्हणायची की होडी?" सगळी बाग हसली. हायस्कुलातले दोन मास्तर बघायला आले होते, तेही हसले.

मालक म्हणाला, "खाली धोंडा बांधा आणि सोडा. दिवस चाललाय."

"धोंडा बांधला की ती पडेल," दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण या वेळी वेगळे. "आत कुठंतरी हवा अडकलीय. नाहीतर डाख सुटलाय. मला कात्री द्या. उघडून बघतो."

मला तहान लागली होती. टाकीत शेवटची भर घालायला पखालवाला आला होता, तो व्हरांड्याच्या पायरीशी टेकला होता. मी त्याच्यापुढं ओंजळ धरली. तो म्हणाला, "नक्को बाई, ये खारा पानी है. बागकी बावडीका. पीनेका नै." तरी दोन थेंब जिभेवर आलेच. आणि मला लोणच्याची बरणी आठवली.

कैरी खारात घातली की वर तरंगते. म्हणून तर बरणीत वर दगड ठेवावा लागतो. साध्या पाण्यात तीच कैरी तळाला बसते. खारं पाणी जड. जड पाणी जास्त वर लोटतं. आठ शेरांच्या बोटीला साडेतीन-चार तोळे जास्त. आणि दादानं तिला फक्त दोन तोळ्यांनी जड केलं होतं! डाख पक्का होता, हवा कुठंही अडकली नव्हती. पाणबुडीत काही म्हणजे काही चूक नव्हती. ती गोड्या पाण्यात तोललेली होती, एवढंच.

पखालवाल्याला हे पाणी खारं ते ठाऊक होतं. पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मलाही नव्हतं विचारलं.

मी दादाला खूण केली. त्यानं पाहिलं नाही. मी आईकडं पाहिलं. ती पदर सावरून समोर बघत बसली होती. मनात म्हटलं, दादा हुशार आहे, त्याच्या लक्षात येईल. जूनला दोन महिने राहिलेत. दहा महिने निभावलं, आता एका पत्र्याच्या बोटीसाठी सगळं घालवू? मी पदराचं टोक दातांत धरलं. तेवढ्यात पत्रेवाल्यानं पत्रा कापायची कात्री दादाच्या हातात दिली, आणि दादानं ती पाणबुडीच्या पाठीला लावली. सहा दिवस गुंजा मोजलेला तो हात.

"दादा, कापू नकोस! पाणी मचूळ आहे!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही, इतक्या दिवसांनी तो बाहेर आला होता. मालक वळून बघायला लागला. मग दादाला म्हणाला, "मास्तर, बायकांना आवरा हो. इथं काम चाललंय."

झालं. एकदा तोंड उघडलंच होतं, मग कसली आवरते! मी पायऱ्या उतरून थेट बागेत गेले. "बायकांना काय आवरता? चाखून बघा की पाणी! बोट आमच्याकडं गोड्या पाण्यात तोललीय आणि तुम्ही टाकी भरलीत बागेच्या विहिरीनं. लोणच्याच्या बरणीत कैरी वर का येते ते घरी जाऊन बायकोला विचारा, ती सांगेल. आणि हसायचं असेल तर आधी माहिती करून घ्यावी, मग हसावं!" हे शेवटचं कॅमेरावाल्याला.

दादानं करंगळी पाण्यात बुडवून जिभेला लावली. मग सगळ्यांसमोर, अगदी वर्गात विचारायचा तसं त्यानं मला विचारलं, "किती वजन वाढवायचं?"

"तीन तोळे. आधी दोन लावून बघ."

त्या काळी रुपया बरोब्बर एक तोळ्याचा. मालकाच्याच खिशातले रुपये घेतले आणि टाकीच्या फटी बुजवायच्या मेणानं पाणबुडीच्या पोटाखाली चिकटवले. दोन लावल्यावर पाठ पाण्याखाली गेली आणि तिथंच घुटमळली. तिसरा लावला. दादानं नळी सोडली.

ती उतरली. काय सांगू! आधी नाक किंचित खाली झालं, मग सगळं अंग. मलमलीतून बारीक बुडबुड्यांची रेघ वर चालली होती. आरशांच्या उजेडात पाणी हिरवट दिसत होतं आणि त्यातून ते काळं धूड इतक्या सावकाश खाली चाललं होतं की मलाही वाटलं, आत माणसं आहेत, त्यांनी श्वास रोखून धरलाय. कॅमेऱ्याच्या दांड्याचा घरघराट सोडला तर आवाज नाही. तळाला टेकली ती सुद्धा अलगद. मग दादानं फुंकलं आणि ती तितक्याच शांतपणे वर आली. मालक ओरडला, "वा मास्तर, वा!" दादा म्हणाला, "मला नका म्हणू. हिला म्हणा." कॅमेरावाल्यानं मला वाकून नमस्कार केला. थट्टेनं नव्हे. त्याचेही मी आभार मानते, कारण हसलेलं माणूस असं वाकत नाही सहसा.

पण मला आनंद फार वेळ टिकवता आला नाही. व्हरांड्यात आई उठून उभी राहिली होती आणि चपला शोधत होती.

घरी जाताना दादा एकटाच बोलत होता. आई पुढं झपाझप चालली होती. मी मागून चालत होते आणि मनातल्या मनात पुण्याला राम राम ठोकत होते. वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण पुन्हा ती कात्री आणि तो हात समोर आला असता, तर मी पुन्हा ओरडले असते, हेही तितकंच खरं. जित्याची खोड.

दिवेलागणीला आई देवापुढं वात लावून स्वयंपाकघरात आली. मीच विषयाला तोंड फोडलं. "आई, मी शब्द मोडला. दोन महिने राहिले होते. अर्ज तू चुलीत घातलास तरी माझं काही म्हणणं नाही."

आई पाटावर बसली. मग म्हणाली, "मला कळलं होतं."

"काय?"

"पाणी. बंगल्यात गेल्या गेल्या बागेत हातपाय धुतले, चूळ भरली, तेव्हाच कळलं मचूळ आहे ते. सांगोल्याकडची मी, मला पाण्याची चव सांगायला लागत नाही. ती बोट वर राहिली तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. दर साली कैरीवर दगड ठेवणारी मीच ना?" ती चुलीकडं बघत होती. "माझ्या लेकाला चार माणसं हसत होती. त्यानं कात्री हातात घेतली. तोंडाशी आलेलं माझ्या, पण समोर पुरुषमाणसं होती. जीभ हललीच नाही गं. गुणाची बाई होऊन बसले मी तिथं. आणि तुला मी वर्षभर हेच शिकवत होते."

ती रडली नाही. मीच रडले. आई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जा तू पुण्याला. आणि बोलायचं तिथं बोल. त्यांनी ट्रंक भरून पाठवलं, तर इथं ये. मी आहे. किती का वेळा पाठवेनात."

आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना, मी आयुष्यात कुणाकुणाची ऋणी आहे याची यादी करायची म्हटली तर पहिलं हेच वाक्य येईल. पुढं तीस वर्षं मी मुलींना शिकवलं. वस्तू का बुडते आणि का तरंगते हे शिकवायची वेळ आली की मी वर्गात दोन पातेली ठेवायची, एकात गोडं पाणी, एकात खारं. आणि शेवटच्या बाकावरच्या गप्प मुलीला आधी विचारायची, तुला काय वाटतं? विचारल्यावाचून बोलली तर तिला शाबासकी द्यायची. माझ्याविषयी तक्रारी झाल्या, दोनदा बदली झाली. ट्रंक मात्र मी दर वेळी स्वतःच भरली.

जूनमध्ये मी गेले. दिवाळीला सुटीवर आले तेव्हा तो सिनेमा सोलापुरात तंबूत लागला होता. दादानं तिकिटं आणली. आई जन्मात सिनेमाला गेली नव्हती. बायकांच्या बाजूला चटईवर आम्ही बसलो. मधे नुसती एक कनात होती, पलीकडं पुरुषांची गर्दी. पडद्याजवळ एक माणूस उभा राहून मोठ्यानं गोष्ट सांगत होता. पाणबुडी आली. सगळा तंबू एकदम गप्प झाला. ती उतरायला लागली तशी माझ्या मागची बाई म्हणाली, "अगं आई गं, आत माणसं असतील की!" गोष्ट सांगणारा हात उंचावून ओरडला, "पाहा! अथांग सागराच्या तळाशी...!"

"सागर नव्हे तो," आई म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. मी दचकून तिच्याकडं पाहिलं. कनातीपलीकडून कुणीतरी पुरुष खेकसला, "गप्प बसा की हो बाई!"

"का म्हणून?" आई त्याहून मोठ्यानं म्हणाली. "बंगल्यातल्या विहिरीचं पाणी आहे ते, मचूळ. बुडत नव्हती ती मेली. माझ्या मुलीनं सांगितलं, तेव्हा बुडाली."

तंबूभर हशा झाला. आईनं पदर नीट केला आणि पुढचा सिनेमा बघायला लागली.